कोचीला नेलेला बॅनर

कोचीला जाऊन आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय काय पाहिलं?" खरं सांगू? सगळ्यात जास्त मी पाहिला तो बॅनर. दहा फूट लांब, चार फूट रुंद, हिरवागार. डाव्या कोपऱ्यात कापसाचं फुटलेलं बोंड आणि मधोमध बियाण्याच्या एका कंपनीचं नाव. कोची शहर त्या बॅनरच्या मागं कुठंतरी होतं.

घनसावंगीत आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. एखाद्या कंपनीचं बियाणं आपल्या दुकानातून चांगलं गेलं की ती कंपनी दुकानदारांना कुठंतरी फिरवून आणते. 'टूर लागली' म्हणतात याला. आजवर माझे यजमान, दत्तात्रय, म्हणजे सगळ्यांचे दत्ताभाऊ, अशा चार टूर एकट्यानं करून आले. या मार्चमध्ये कंपनीला काय सुबुद्धी झाली कोण जाणे, यंदा जोडीनं या म्हणाले.

मी एरवी गेले नसते. माझा उजवा गुडघा कामातून गेलाय आणि पाडव्यानंतर ऑपरेशन ठरलं होतं. पण यादीत शेवटच्या दिवशी 'चेराई बीच' असं लिहिलं होतं, ते मी वाचलं. वयाची छप्पन्न वर्षं झाली, समुद्र पाहिला नव्हता. माहेर जालन्याचं, मस्तगडातलं. तिथं मोठं पाणी म्हणजे मोती तलाव. सासरी गोदावरी जवळ, पण तिचंही वर्षभर पाणी असेल असं नाही. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशननंतर बरेच महिने वाळूत वगैरे चालायचं नाही, आणि पुढं गुडघा किती साथ देईल ते तेव्हाच कळेल. मी मनाशी ठरवलं, देवानं दिलेल्या गुडघ्यावर आहे तोवर एकदा समुद्रात उभं राहायचं. ह्यांनाही तसं सांगितलं. हे म्हणाले, "हो ना, बघू." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, या 'बघू'चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

रेल्वेचा प्रवास सांगत बसत नाही, फक्त पोत्याचं सांगते. माझ्या बर्थखाली एक पोतं होतं, त्यामुळं पाय लांब करता येईना. दीड दिवस मला वाटत होतं त्यात बियाण्याचे नमुने असतील. शेवटी मी कंपनीच्या देवकर साहेबांना विचारलं. पस्तिशीतला माणूस, गळ्यात शिट्टी, हातात यादी, टूरची सगळी जबाबदारी त्याच्यावर.

"नारळ हायेत वहिनी," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी सगळ्यांचा सत्कार हाय ना. शाल अन् श्रीफळ."

"अहो, आपण केरळात चाललो."

"मंग?"

"तिथं नारळ मिळतात."

"मिळत असतीन. पण शेंडीवाले मिळतेत का न्हाई, काय भरवसा? ऐन टायमाला धावपळ नको. जालन्याच्या मोंढ्यातून बराबर निवडून आणले म्या."

चौतीस नारळ. जिथून आले असतील तिकडंच परत निघाले होते आणि त्यांच्यासाठी माझा गुडघा दीड दिवस वाकडा.

पहिला दिवस : जे पाणी समुद्र नव्हतं

कोचीत उतरलो आणि पहिली गोष्ट कळली ती म्हणजे घाम. आपल्याकडंही उन्हाळा असतो, पण आपलं ऊन भाजतं आणि सावलीत सोडून देतं. तिथं सावलीतही सोडत नाही. सकाळी धुतलेलं पोलकं संध्याकाळी वाळत घातलं होतं तसंच ओलं. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, इथं पाणी नळात, खाडीत, हवेत, पोलक्यात, सगळीकडं.

संध्याकाळी आम्हाला पाण्याकाठच्या लांबलचक फरसबंद रस्त्यावर नेलं. समोर हे एवढं पाणी, त्यात बोटी, पलीकडं दिवे लागायला सुरुवात झालेली. भोकरदनच्या शोभाताई माझ्याबरोबर होत्या. त्यांच्याही घरचं दुकान आहे आणि टूरभर त्याच माझ्या जोडीला होत्या. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "शोभाताई, समुद्र!"

आमचा तिथला गाइड जोसेफ मागून हिंदीत म्हणाला, "नहीं माताजी, ये कायल है. खाडी का पानी. समुंदर उधर, दूर."

बरं तर बरं. त्या पाण्यात तरी पाय घालावेत म्हणून मी कठड्याशी गेले, तर शिट्टी वाजली. "चला, चला, फोटो! जल्दी!" बॅनर उलगडला गेला. बॅनरच्या उंच टोकाला कोण, तर आमचे हे. उंची पाच फूट अकरा इंच, त्यामुळं उजवं टोक कायमचं ह्यांच्याकडं. दुसरं टोक शोभाताईंच्या मालकांकडं.

"सरळ धरा!" हे त्यांना ओरडले. "तुमच्याकडं खाली होऊन राह्यला. कंपनीचं नाव कटून जाईन."

पाच मिनिटं बॅनर सरळ होत होता. तोवर माणसं घामानं निथळली. फोटो झाला तेव्हा अंधारायला लागलं होतं आणि देवकर साहेबांनी यादीवर टिक मारली.

जेवायला गेलो तर पेल्यात पाणी गुलाबी आणि कोमट. सगळे पुरुष पेल्याकडं असे बघत बसले की जणू त्यात औषधच कालवलंय. "बाई, कुंकू पडलं की काय ह्याच्यात?" शोभाताई म्हणाल्या. एका झाडाचं लाकूड टाकून पाणी उकळतात, पोटाला चांगलं असतं, असं जोसेफनं समजावलं. मी प्याले. चांगलं लागलं. लाकडाचा मंद वास, घशाला ऊब. पुढं जाड लाल भात, फणसाची भाजी, खोबऱ्याच्या तेलातली वालाच्या शेंगांसारखी एक भाजी. मला सगळं आवडलं. पण बाकी मंडळींनी "भाकर न्हाई का?" असं आचाऱ्याला मराठीतून विचारलं आणि उत्तर आलं नाही तेव्हा आणखी मोठ्यानं विचारलं. मग पिशव्या उघडल्या, ठेचा निघाला, धपाटे निघाले. शोभाताईंच्या धपाट्यांना दुसऱ्या दिवशी त्या दमट हवेनं हिरवी बुरशी आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढं वाईट मात्र मलाही वाटलं.

दुसरा दिवस : जाळी, मासे आणि आमचा बॅनर

फोर्ट कोचीला चिनी जाळी आहेत. ती मात्र जाऊन बघाच. किनाऱ्यावर लाकडी ओंडक्यांचा एक मोठा सांगाडा, त्याच्या पुढच्या टोकाला खोलीएवढं जाळं आणि मागच्या टोकाला दोरांवर बांधलेले मोठाले दगड. पाच-सहा जण मिळून दोर ओढतात, की दगड खाली येतात आणि पाण्यातून जाळं वर. लहानपणी मामाच्या विहिरीवर मोट पाहिली होती, तशीच करकर आणि तसाच माणसांचा एका सुरातला हुंकार. मी तिथं एका दगडावर बसून तीन वेळा जाळं वर येताना पाहिलं. पहिल्यांदा पाच-सात बारके मासे. दुसऱ्यांदा एक प्लॅस्टिकची चप्पल. तिसऱ्यांदा काहीच नाही. त्या माणसांनी तीनही वेळा जाळं सारख्याच तोंडानं खाली सोडलं. दुकानात बसून पावसाची वाट बघणारे लोक आठवले मला.

इथं खरा समुद्र होता. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथंच आम्ही उभे होतो. मी हळूहळू खाली उतरायला लागले. पण काठावर जलपर्णीचा एवढा थर येऊन पडला होता की पाणी कुठं सुरू होतं ते कळेना. आणि जिथं कळत होतं तिथं दगड शेवाळलेले. या गुडघ्यानं त्यावर पाय ठेवायचा म्हणजे ऑपरेशन तिथंच करून घ्यायचं. मी तरी एक पाऊल पुढं टाकलं. शिट्टी.

"वहिनी, फोटो!"

मी वळून म्हटलं, "देवकर साहेब, मला दोन मिनिटं पाय भिजवू द्या."

"अहो वहिनी, परवा, न्हाई, उद्याच चेराईला जाऊन राह्यलो ना आपण. खास बीच हाय तो. समुद्र कुठं पळून जातो काय?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे बॅनरची घडी मोडत होते. वारं सुटलं होतं, त्या बॅनरचं नुसतं शीड झालं होतं, आणि ह्यांचं आपलं, "सरळ धरा! बोंड दिसलं पायजे!" माझ्याकडं बघायला ह्यांना सवड नव्हती. मला इतका राग आला की फोटोत मी मुद्दाम तोंड वाकडं केलंय. बघा, कुणाच्या मोबाइलात असेल तर.

तिथून मट्टनचेरीला गेलो. जुन्या वखारी, गल्लीभर सुंठ-मिऱ्यांचा झणझणीत वास, वेलदोड्यांची पोती. हे एका व्यापाऱ्याला वेलदोड्यावर कोणती फवारणी करता म्हणून विचारत होते. तेवढ्यात ह्यांचा चेहरा पडला. बॅनर जाळ्यांपाशीच राहिला होता.

आता काय सांगावं! एका प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी चौतीस माणसांची बस परत फिरली. वाटेत मला मात्र आनंदच झाला होता, परत समुद्राशी चाललोय म्हणून. बस थांबली तर देवकर साहेब दारात आडवे. "कुणी उतरू नका, दोनच मिनिटं!" मी खिडकीतून पाहिलं. आमचा बॅनर एका कोळ्यानं माशांच्या टोपल्यांवर ऊन लागू नये म्हणून पांघरला होता, अगदी नीट, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून. हे हातवारे करून त्याला काहीतरी सांगत होते. तो हसला, दगड उचलले, बॅनर झटकला आणि घडी घालून ह्यांच्या हातात दिला. वर ह्यांच्या पाठीवर थाप मारली.

मग बसमध्ये जो वास सुटला! निम्मी मंडळी माळकरी. एक जण तर म्हणाले, "हा बॅनर आता सत्काराला चालन का?" त्या संध्याकाळी आमच्या हॉटेलच्या न्हाणीघरात हे बनियनवर बसून बॅनर धूत होते. हॉटेलनं दिलेल्या चारही साबणाच्या वड्या संपवल्या. मी दारात उभी राहून म्हटलं, "माझ्या गुडघ्याला कधी एवढं चोळलं होतं का?"

हे म्हणाले, "जबाबदारी दिली ना त्यांनी."

"अन् माझी कुणी दिली होती?"

यावर ह्यांनी नळ आणखी मोठा सोडला.

तिसरा दिवस : चेराई

चेराईला निघायचं होतं दुपारी दोनला. तिथून परस्पर स्टेशन, कारण संध्याकाळनंतरची गाडी. म्हणजे समुद्र काय तो आजच. हॉटेलात जेवणं लांबली, मग कुणाला तरी केळ्याचे वेफर्स घ्यायचे होते, मग ज्यांनी घेतले नव्हते त्यांनाही घ्यायचे होते. चारला पोचायचे ते आम्ही सव्वापाचला पोचलो.

रस्ता मात्र सुंदर होता. दोन्हीकडं पाणी, मधून चिंचोळी वाट, नारळीच्या सावल्या. शोभाताई म्हणाल्या, "इकडच्या बायांना पाण्याची वाट बघणं म्हणजे काय, माहीतच नसन." ते खरंच वाटलं मला.

सत्काराची जागा म्हणजे समुद्राकाठची एक लांब शेड. तीन बाजू उघड्या, वर कौलं. खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर शालींचा ढीग आणि जालन्याच्या मोंढ्यातले चौतीस नारळ. जोसेफ त्या ढिगाकडं बघतच राहिला. वर आकाशात झाडांना नारळ लटकलेले, खाली टेबलावर आमचे.

"ये नारियल आप लोग घर से लाए?" त्यानं हळूच मला विचारलं.

"हां," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शेडच्या मागं, फार तर शंभर पावलांवर, समुद्र. या वेळी कुणाला विचारावंच लागलं नाही. नुसता आवाजच सांगत होता. मी देवकर साहेबांना म्हटलं, "आधी समुद्र, मग सत्कार. उजेड आहे तोवर."

"आधी कार्यक्रम, मंग समुद्र. अर्धा तास फक्त. नंतर सगळ्यांनाच सोडतो ना."

मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही सांगा."

हे बॅनरची दोरी सोडवत होते. "बघू," म्हणाले.

बसले मी. पहिलं भाषण कंपनीच्या वाटचालीचं. दुसरं नव्या वाणाचं, बोंडाचं वजन किती आणि रोगाला कसा दाद देत नाही. तिसऱ्यात पहिल्या दोघांचे आभार. मग एकेक जोडी वर बोलवायची, शाल, नारळ, टाळ्या, फोटो. यादी तालुक्याप्रमाणं होती आणि घनसावंगी शेवटून दुसरं. हवा अशी कोंडली होती की शालीकडं बघूनच जीव गुदमरत होता. कौलांवर आलेल्या माडाचं पानही हलत नव्हतं. मागं वळून पाहिलं तर सूर्य पाण्यापासून दोन हात वर.

माझ्या मनात काय आलं सांगते. हा अर्धा तास संपणार नाही. हे नेहमीसारखे गप्प राहतील. मी घरी जाईन, टेबलावर पडेन, डॉक्टर गुडघा कापतील, आणि मी जन्मभर सांगत बसेन की समुद्राला पाठ करून मी शाल घेतली.

मी चपला काढून शोभाताईंच्या खुर्चीखाली सरकवल्या आणि उठले.

"वहिनी, कुठं निघाल्या?" त्या कुजबुजल्या. "आता नाव घेतीन तुमचं."

"घेऊ द्या," मी म्हटलं.

ती शंभर पावलं मला शेतातल्या नांगरटीतून चालल्यासारखी गेली. वाळू पायाखाली बसते, गुडघा आत वळतो, कळ मांडीपर्यंत जाते. दोनदा थांबले. मग वाळू ओली आणि घट्ट लागली, आणि पुढं पायावर पाणी आलं. कोमट! मला वाटलं होतं गार असेल. लाट घोट्यावर आली, पोटरीवर आली आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली. मी घाबरून किंचाळलेच. मग हसायला लागले. मग रडू आलं, कशाचं ते माहीत नाही. पुढं सरकले. तिथल्या रखवालदारानं लांबून शिट्टी वाजवली आणि हातानं 'बस, पुढं नको' म्हणून खुणावलं. इथंही शिट्टी! पण या शिट्टीवर मला राग आला नाही. मी हात जोडले आणि तिथंच उभी राहिले, गुडघ्याएवढ्या पाण्यात. जांभळी साडी पार भिजली. कळ होती, पण पाण्यात गुडघ्याचं ओझं जणू दुसऱ्या कुणी घेतलं होतं.

मागून माइकवर नाव आलं. "घनसावंगीचे श्री. दत्तात्रय आणि सौ. सुमनताई!" टाळ्या. मग पुन्हा, "सुमनताई?" मी वळले नाही. थोड्या वेळानं सगळ्यांच्या एकत्र फोटोची गडबड ऐकू आली आणि देवकर साहेबांचं ओरडणं, "दत्ताभाऊ, बॅनर वर घ्या! अहो वर! इकडं बघा!"

अजून बॅनरच, मला वाटलं. बायको समुद्रात गेली तरी बॅनरच.

मंडळी धावत किनाऱ्यावर आली तेव्हा सूर्य ढगात गेला होता. कुणी दहा मिनिटं भिजलं, कुणी नुसता मोबाइल काढला. हे सगळ्यांच्या मागून आले. एका हातात माझ्या चपला, खांद्यावर दोन शाली, काखेत दोन नारळ.

"गुडघा दुखून राह्यला का?" ह्यांनी विचारलं.

"नाही," मी खोटं बोलले. "तुम्हाला यायला काय झालं होतं?"

"फोटो चालू होता ना," हे म्हणाले.

परतीच्या दीड दिवसात मी ह्यांच्याशी मोजून चार वाक्यं बोलले. ते नारळही आमच्याबरोबर घनसावंगीला परत आले. घरी एक फोडला, खोबरं गोड निघालं. माझ्यापेक्षा जास्त प्रवास केला होता बिचाऱ्यानं.

घरी

पाडव्यानंतर ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं. दीड महिना वॉकर, मग काठी. या दीड महिन्यात हे रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या पायाला व्यायाम द्यायचे, डॉक्टरांनी शिकवला तसा, घड्याळ लावून. तेव्हाही मी त्यांना साबणाच्या वड्यांवरून टोमणे मारलेच.

मृगाच्या तोंडावर मी पहिल्यांदा काठी टेकत दुकानात गेले. कापसाच्या बियाण्याला गर्दी होती. काउंटरच्या मागं, कॅलेंडरच्या जागी, एक मोठी फ्रेम लावलेली. कंपनीनं सगळ्यांना पाठवलेला तो चेराईचा फोटो. मला बघायचाच नव्हता, कारण मी त्यात नव्हते. पण खुर्चीवर बसल्यावर नजर जाणारच.

सगळे शाली पांघरून, नारळ छातीशी धरून, कॅमेऱ्याकडं बघत. मागं बॅनर. डावं टोक एकदम वर, ताठ, आणि उजवं टोक एवढं खाली आलेलं की बोंड दिसतं, पण कंपनीच्या नावाची शेवटची तीन अक्षरं एका माणसाच्या डोक्यामागं गेलीत. त्या टोकाशी हे. ह्यांचं तोंडच दिसत नाही, दिसतो तो मागचा टकलाचा भाग. एवढ्या सगळ्यांत एकटा माणूस कॅमेऱ्याकडं पाठ करून उभा. आणि बॅनर जिथं खाली आलाय तिथं वरच्या बाजूला समुद्राची एक पट्टी, आणि त्या पट्टीत टिकलीएवढा जांभळा ठिपका.

मी खूप वेळ बघत बसले. डोळे भरून आले तेव्हा पदरानं चष्मा पुसायचं निमित्त केलं.

बियाण्याची पिशवी हातात घेऊन एका शेतकऱ्यानं मान वर केली. "दत्ताभाऊ, एवढा भारी फोटो अन् बॅनर असा वाकडा कसा काय झाला हो?"

हे पावती लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "वारं लय होतं तिथं."

त्या संध्याकाळी चेराईला पान हलत नव्हतं.